सेमाग्लुटाइड बंद केल्यावर वजन टिकवायचं कसं?

शेवंती

वजन कमी करण्यासाठी घेत असलेलं सेमाग्लुटाइडचं इंजेक्शन येत्या दोन-तीन महिन्यांत बंद करायचं ठरतंय. आधी माहिती देते. वय ४४, उंची १६० सेंमी, सुरुवातीचं वजन ९२ किलो, आता ७६. डोस आठवड्याला १.७ मिग्रॅ, एकूण १४ महिने. मधुमेह नाही. रक्तदाबाची गोळी पूर्वी पूर्ण होती, आता अर्धी. शाकाहारी, अंडंही नाही. घरात पाच माणसं, स्वयंपाक सगळ्यांचा एकच. बंद करण्याचं कारण खर्च. डॉक्टरांची हरकत नाही.

मला 'कमी खा, जास्त चाला' याच्या पुढचं उत्तर हवंय. भूक नेमकी कधी परत येते? डोस हळूहळू उतरवावा की एकदम थांबवावा? रोज किती प्रथिनं, आणि ती शाकाहारी ताटात बसवायची कशी? किती वजन वाढलं की हातपाय हलवायचे? आणि बंद करण्याआधीच्या या दोन महिन्यांत काय करून ठेवावं?

मोजमाप

शेवटचा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे, आणि तो तुम्ही वेळेत विचारलात. भूक दबलेली असते तेव्हा सवयी बसवणं सोपं जातं, ती परत आल्यावर तेच काम दुप्पट जड होतं.

आधी भुकेचं वेळापत्रक बघा. सेमाग्लुटाइडचं शरीरातलं प्रमाण साधारण दर आठवड्याला निम्मं होतं. शेवटच्या इंजेक्शननंतर दोन आठवड्यांनी पाव उरतं, पाच आठवड्यांनी जेमतेम तीन टक्के. म्हणून पहिले पंधरा दिवस 'काहीच फरक नाही' असं वाटतं आणि माणूस निर्धास्त होतो. खरी भूक साधारण तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात येते. ती तीन रूपांत येते: जेवण लवकर पचून पोट लवकर रिकामं होतं, पोट भरल्याची जाणीव उशिरा होते, आणि ज्याला लोक 'फूड नॉइज' म्हणतात ते डोक्यातलं खाण्याचं गुणगुणणं पुन्हा सुरू होतं. शेवटचं इंजेक्शन नवरात्रात घेतलं तर हा काळ नेमका दिवाळीच्या फराळावर येऊन पडतो. तारीख ठरवताना पुढचे आठ आठवडे कॅलेंडरवर बघा. लग्नकार्य, प्रवास, पाहुणे नसलेला काळ निवडा.

आता हिशेब. कमी झालेल्या दर किलोमागे शरीराचा रोजचा खर्च साधारण २० ते ३० कॅलरींनी घटतो. तुमच्या १६ किलोंचे झाले ३२० ते ४८०, म्हणजे तूप लावलेल्या तीन-चार पोळ्या. ९२ किलोंवर असताना जेवढं खाऊन वजन स्थिर राहायचं, त्यात ही एवढी जागा आता कायमची नाही. उलट भूक मात्र दर किलोमागे सुमारे १०० कॅलरींनी वाढते, असा अमेरिकी संशोधक केविन हॉल आणि सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये मांडलेला अंदाज आहे. खर्चातल्या घटीपेक्षा भुकेची ओढ तिप्पट-चौपट. मन खंबीर असो की नसो, शरीर हे करणारच. म्हणून योजना अशी हवी, जी भूक लागलेल्या दिवशीही चालेल.

प्रथिनं: वजनाच्या दर किलोला १.१ ते १.२ ग्रॅम धरा, म्हणजे तुम्हाला रोज ८० ते ९० ग्रॅम. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा आकडा लागू नाही, आधी क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची रक्ततपासणी) बघून डॉक्टरांनी ठरवावा. शाकाहारी ताटात हे असं बसतं:

सकाळी ५० ग्रॅम मुगाची डाळ भिजवून वाटून त्याची दोन धिरडी, आत ५० ग्रॅम पनीर किसून: सुमारे २१ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम पिठाची एक ज्वारीची भाकरी, ४० ग्रॅम कोरड्या मटकीची उसळ, दीडशे ग्रॅम दही, कोशिंबीर: १८-१९. साडेचारला ३० ग्रॅम फुटाणे आणि एक कप दूध: १२. रात्री २५ ग्रॅम कोरड्या सोयाबीन वड्या घातलेली भाजी, दोन फुलके, ३० ग्रॅम तूरडाळीचं वरण: २४-२५. झोपण्याआधी आणखी एक कप दूध: ६. एकूण ८० च्या थोडं वर.

चूक होते ती वरणात. 'रोज वरण खातो' म्हणणाऱ्या घरात पाच माणसांना मिळून एक वाटी डाळ शिजते आणि ती पाणी घालून वाढते. त्या पातळ वरणाच्या एका पळीत दोन-तीन ग्रॅमच प्रथिनं असतात. म्हणून डाळ कोरडी असताना मोजा: तुमच्या वाट्याची ३० ग्रॅम, पाच जणांची १५०. शिजल्यावर पाणी कमी ठेवून तुमच्यापुरतं घट्ट गोळा वरण आधी काढून घ्या, मग उरलेल्याला पाणी घालून फोडणी द्या. स्वयंपाक एकच राहतो, ताट वेगळं होतं.

साडेचारचं खाणं टाळू नका. औषध सुटल्यावर संध्याकाळी सहा ते आठ हा सगळ्यात धोक्याचा वेळ असतो. त्याच वेळी स्वयंपाकघरात उभं राहून चव बघत, शेंगदाणे तोंडात टाकत तीनशे कॅलरी जातात आणि त्या कुठल्याही जेवणात मोजल्या जात नाहीत.

तेल: माणशी चमचे मोजणं एकत्र कुटुंबात जमत नाही. त्याऐवजी पिशवी उघडली की तिच्यावर पेनाने तारीख लिहा. पाच माणसांत महिन्याला ५ लिटर लागत असेल तर माणशी रोज ३० ग्रॅम, म्हणजे सुमारे २७० कॅलरी होतात. तेच ३ लिटरवर आणलं तर १६५. रोजच्या शंभर कॅलरी कुणाच्या लक्षातही न येता वाचतात. दाण्याच्या कुटाचंही तसंच, एक मोठा चमचा म्हणजे ५५ कॅलरीच्या आसपास. कुटाचा डबा छोटा ठेवा आणि आठवड्याचा कूट एकदाच करा.

दंडबैठक

आहाराबद्दल वर सगळं आलंय, मी स्नायूंबद्दल लिहितो. औषधाने उतरलेल्या वजनात फक्त चरबी नसते. टिर्झेपाटाइड या असल्याच दुसऱ्या इंजेक्शनच्या चाचणीत सुमारे पाव आणि सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ४० टक्क्यांच्या जवळपास भाग चरबीविरहित वस्तुमानाचा होता. त्यात पाणीही आलं, पण स्नायूही आले. वजन परत वाढतं तेव्हा मुख्यतः चरबी वाढते. म्हणजे पुन्हा ९२ वर जाणारी बाई पूर्वीच्याच ९२ वर नसते, तिच्या अंगात ताकद कमी आणि चरबी जास्त असते. मला वजनापेक्षा याची काळजी जास्त वाटते.

डेन्मार्कमधला एक अभ्यास इथे उपयोगी आहे. १९५ लोकांनी आठ आठवडे रोज ८०० कॅलरींवर सरासरी १३ किलो कमी केले. मग वर्षभर कुणाला लिराग्लुटाइड (सेमाग्लुटाइडच्याच जातीचं औषध), कुणाला व्यायाम, कुणाला दोन्ही. त्यानंतर सगळं बंद करून आणखी एक वर्षाने मोजलं. फक्त औषधावर असलेल्यांचं वजन फक्त व्यायाम केलेल्यांपेक्षा सरासरी ६ किलो जास्त परत वाढलं होतं. सुरुवातीच्या वजनातली निदान १० टक्के घट टिकवणारेही, औषधासोबत व्यायाम केलेल्या गटात, फक्त औषधवाल्यांपेक्षा जास्त निघाले.

म्हणून आजपासून, इंजेक्शन चालू असतानाच, आठवड्यातून दोन वेळा हे करा. मध्ये ४८ तासांचं अंतर ठेवा.

खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं. भिंतीवर हात टेकून जोर, जमू लागले की ओट्यावर, मग पलंगाच्या कडेवर. जिन्याच्या एका पायरीवर चढ-उतर, दोन्ही पायांनी वेगवेगळी. पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलणं. आणि पाण्याच्या कॅनने ओढण्याचा व्यायाम: एक हात खुर्चीवर टेकून कमरेत वाका, पाठ सरळ ठेवा, दुसऱ्या हाताने कॅन बरगडीपर्यंत ओढा. प्रत्येकाचे ८ ते १२ चे तीन फेरे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, त्यामुळे पाच लिटरच्या कॅनमध्ये तीन लिटरपासून सुरुवात करून अर्धा-अर्धा लिटर वाढवत नेता येतं. तीनही फेऱ्यांत १२ वेळा झालं आणि अजून दोनदा जमलं असतं असं वाटलं, की वजन वाढवायचं. न वाढवता तेच तीन लिटर सहा महिने उचलत राहणं, इथेच बहुतेकांचं अडतं.

गुडघे दुखत असतील तर खुर्चीवर उशी ठेवून उंची वाढवा. उठताना श्वास रोखू नका, रक्तदाब असणाऱ्यांनी तर नाहीच.

चालणं वेगळं. वजन टिकवण्यासाठी आठवड्याला २०० ते ३०० मिनिटं लागतात, नुसत्या तब्येतीसाठी सांगतात त्या १५० मिनिटांवर भागत नाही. रोज सलग ४० मिनिटं जमत नसेल तर तीन जेवणांनंतर प्रत्येकी १५ मिनिटं चाला.

दर महिन्याच्या एक तारखेला ३० सेकंदांत खुर्चीवरून किती वेळा उठता ते मोजून लिहून ठेवा. हा आकडा घसरता कामा नये.

सांजवेळ

डॉक्टर म्हणून थोडं स्पष्ट लिहिते, मन मोडण्यासाठी नाही.

स्टेप १ या चाचणीत औषध बंद केल्यावरही ज्यांचं वजन मोजत राहिले, त्यांचं सेमाग्लुटाइडने सरासरी १७.३ टक्के उतरलं होतं. तुमचीही घट जवळजवळ तेवढीच आहे. बंद केल्यानंतर एका वर्षात त्यातलं दोन-तृतीयांश परत आलं आणि निव्वळ घट ५.६ टक्के उरली. काही जण म्हणतात की तिथे औषधाबरोबर आहार-व्यायामाचं मार्गदर्शनही थांबवलं होतं, म्हणून असं झालं. ते खरं आहे. पण टिर्झेपाटाइडच्या सरमाउंट ४ या चाचणीत मार्गदर्शन चालूच होतं. ३६ आठवड्यांत २० टक्क्यांहून थोडं अधिक वजन उतरवलेल्यांपैकी ज्यांना पुढे बिनऔषधाचं इंजेक्शन मिळालं, त्यांचं वर्षभरात सरासरी १४ टक्के वाढलं. कमावलेल्या घटीतली ८० टक्के घट टिकवू शकले ते साधारण सहामागे एक. त्यामुळे वजन थोडं परत आलं तर तो तुमचा नाकर्तेपणा नाही. ध्येय 'एक ग्रॅमही वाढू नये' असं ठेवू नका, 'वर्षाअखेर ८२ च्या खाली' हे प्रामाणिक ध्येय आहे. ८२ वरसुद्धा तुमची घट जवळपास ११ टक्के राहते.

डोस उतरवण्याबद्दल: १.७ वरून १, मग ०.५, मग ०.२५, प्रत्येक पायरी चार आठवडे, असं आम्ही बऱ्याचदा करतो. औषधाच्या माहितीपत्रकात बंद करण्यासाठी अशा पायऱ्या दिलेल्या नाहीत. एकदम थांबवलं तर शरीराला धोका होतो असंही नाही, औषध स्वतःच हळूहळू उतरतं. पायऱ्यांचा फायदा एवढाच की भूक हप्त्याहप्त्याने परत येते, आणि कुठल्या पायरीवर तोल जातो ते कळतं. ०.५ वर तुमचं वजन आठ आठवडे स्थिर राहिलं, तर तिथेच थांबण्याचा विचार डॉक्टरांसोबत जरूर करा. स्वतःच्या मनाने इंजेक्शनच्या पेनाचे क्लिक मोजून डोस करू नका आणि पेन कुणाशी वाटून घेऊ नका.

रक्तदाबाच्या अर्ध्या गोळीकडे लक्ष द्या. वजनाबरोबर उतरलेला दाब औषध सुटल्यावर परत चढू लागतो. बंद केल्यापासून तीन महिने आठवड्यातून दोनदा, सकाळी, पाच मिनिटं शांत बसून घरी मोजा. सलग काही दिवस १३५/८५ च्या वर दिसला तर पुढच्या तपासणीची वाट बघू नका. तीन महिन्यांनी एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी) आणि लिपिड (रक्तातली चरबी) तपासा. थायरॉइडची गोळी असलेल्या इतर वाचकांनी, वजन बदलतं तसा त्या डोसचाही फेरविचार करायला हवा.

हे वाचून मधुमेह असलेलं किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेलेलं कुणी आपलं इंजेक्शन थांबवणार असेल, तर थांबा. तिथे औषध नुसतं वजनासाठी नसतं. आधीच हृदयविकार असलेल्या, मधुमेह नसलेल्या १७,६०४ लोकांच्या सिलेक्ट या चाचणीत (२०२३) झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण २० टक्क्यांनी कमी दिसलं. गर्भधारणेसाठी बंद करणाऱ्यांनी सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवायचं, आणि त्या काळात इथला कॅलरींचा हिशेब लावायचा नाही.

शेवटचं: पुन्हा सुरू करायची वेळ आली, तर फ्रिजमध्ये उरलेलं १.७ चं पेन काढून टोचू नका. इतक्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते. थेट मोठ्या डोसने इतक्या उलट्या होतात की पाणी कमी पडून मूत्रपिंडावर ताण येतो. ०.२५ पासूनच चढायचं.

रानजाई

किती वाढलं की हलायचं, हा प्रश्न राहिलाय.

अमेरिकेतल्या रोड आयलंडमध्ये रीना विंग यांच्या अभ्यासात (२००६) वजन उतरवलेल्यांना रंगांचे पट्टे दिले होते. तुमच्या आकड्यांत: ७७.४ पर्यंत हिरवा, ७७.४ ते ७८.३ पिवळा, ७८.३ च्या वर लाल. रोज वजन करायचं आणि पट्टा बदलला की ठरलेली कृती करायची. १८ महिन्यांत २.३ किलो किंवा अधिक वाढलेले, फक्त पत्रकं मिळालेल्या गटात ७२ टक्के होते, प्रत्यक्ष भेटून शिकलेल्यांत ४६ टक्के. त्यांनी वजन सेमाग्लुटाइडसारख्या औषधाने उतरवलेलं नव्हतं, हे लक्षात ठेवा. पद्धत मात्र उचलण्यासारखी आहे.

काटा रोज सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, चहाआधी, त्याच फरशीवर. एका दिवसाच्या आकड्यावर निर्णय घेऊ नका, सात दिवसांची सरासरी काढा. औषध सुटल्यावर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत एखादा किलो पटकन वाढलेला दिसतो. पोळी-भात वाढला की स्नायूंत ग्लायकोजेन (साखरेचा साठा) साठतं आणि त्याच्या दर ग्रॅमबरोबर सुमारे तीन ग्रॅम पाणी येतं. आतड्यातही अन्न जास्त असतं. ही चरबी नाही. घाबरून उपास केलात तर चौथ्या दिवशी भूक दुप्पट वसूल करते.

पिवळ्यात आलात की दोन आठवडे तीनच गोष्टी: रात्रीचा भात बंद, तेलाची पिशवी तपासा, रोज १५ मिनिटं चालणं जास्त. लाल पट्ट्यात सरासरी दोन आठवडे राहिली तर डॉक्टरांची वेळ घ्या. पाच-सहा किलो वाढेपर्यंत लाजेने कुणी दवाखान्यात जात नाही आणि तोवर काम तिप्पट झालेलं असतं. हे पट्टे आजच कागदावर लिहून काट्याजवळ चिकटवा. कमरेचं माप महिन्यातून एकदा, बेंबीच्या पातळीला, श्वास सोडल्यावर.

शेवंती

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद लिहिला. सांजवेळताई, डोस पायऱ्यांनी उतरवायचं डॉक्टरांना विचारते.

एक राहिलं. महिन्यात दोन एकादश्या आणि संकष्टी, आणि घरात साबुदाण्याची खिचडी ठरलेली. गेले वर्षभर चार घासांत पोट भरायचं म्हणून प्रश्नच आला नाही. आता?

मोजमाप

बरं झालं विचारलंत. ७५ ग्रॅम साबुदाणा, २५ ग्रॅम कूट, दोन चमचे तूप आणि छोटा बटाटा धरला तर एका ताटलीत पाचशेच्या वर कॅलरी आणि प्रथिनं जेमतेम सहा-सात ग्रॅम, तीही दाण्यांची. साबुदाण्यात प्रथिनं जवळजवळ नाहीतच. दोन तासांत पुन्हा भूक लागते, मग वेफर्स आणि चिक्की.

खिचडी घरच्यांना करा, तुम्ही तिची वाटीभर चव घ्या. पोटासाठी ५० ग्रॅम राजगिऱ्याच्या पिठाचं थालीपीठ, दोनशे ग्रॅम दही आणि ७५ ग्रॅम पनीर जिरं-मिरचीवर परतून: २७ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. घरात पनीर उपासाला चालत नसेल तर दही कापडात चार तास टांगून त्याचा चक्का घ्या, साखर न घालता, काकडी आणि मीठ घालून. थालीपीठ थापताना पिठात बटाट्याऐवजी लाल भोपळा किसून घाला, ते मऊ राहतं आणि तूपही कमी लागतं. संकष्टीला चंद्रोदयापर्यंत थांबायचं असेल तर साडेचारचं दूध चुकवू नका. मोदकाचं ताट समोर येईल तेव्हा पोटात काहीतरी असायला हवं.